बॅचमधली चौथी

“धुणारीला साधं धुताही येत नाही!”

सर हे माझ्याशी बोलत नव्हते. माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं, हात वर उचललेला होता आणि ते बाहेरून आलेल्या परीक्षकांना माझी बोटं दाखवत होते. बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. बदलापूरला कात्रपमध्ये आमचं ज्युनिअर कॉलेज आणि दुसऱ्या मजल्यावर लॅब. माझ्या टेबलावर स्टँडला ब्यूरेट लावलेली होती. ब्यूरेट म्हणजे आकडे कोरलेली लांब काचेची नळी, खाली तोटी. तिच्यात जांभळं परमँगनेट भरलेलं. माझं रीडिंग चुकलं होतं. नुसतं चुकलं नव्हतं, ते बरोबर उत्तराच्या आसपासही नव्हतं.

परीक्षकांनी विचारलं, “ब्यूरेट कशाने धुतलीस?”

“पाण्याने, सर. स्वच्छ धुतली.”

“आणि मग?”

“मग भरली.”

परीक्षक हसले. सर त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले. मग आख्खी रांग हसली.

ब्यूरेट आधी पाण्याने धुतात आणि मग तिच्यात जे भरायचं असतं त्यानेच पुन्हा एकदा खंगाळतात. नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वर जातं. हे केमिस्ट्रीच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मला माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या लॅबमधली सगळी काच मी धुतली होती आणि मला माहीत नव्हतं.

कसं माहीत नव्हतं, तेच सांगायला बसले आहे.

अकरावीचं पहिलं प्रॅक्टिकल. मुली जास्त, सामान कमी. म्हणून चौघीचौघींची एक बॅच. एकीने ब्यूरेट धरायची, एकीने रंग बघायचा, एकीने लिहायचं, एकीने धुवायचं. कोणी काय करायचं ते सर टेबलाटेबलावर येऊन ठरवत होते. आमच्या टेबलावर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, “आडनाव?”

मी सांगितलं. आम्ही बौद्ध. आडनावावरून कळतं.

“आई काय करते?”

“जीन्स धुते, सर. उल्हासनगरला. कारखान्यात.”

“मग काय, घरचंच काम,” सर म्हणाले आणि त्यांनी बेसिनकडे बोट केलं.

बस. एवढंच झालं. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. मी बेसिनकडे गेले. पहिलाच दिवस आहे, पुढच्या वेळी पाळी बदलेल असं मला वाटलं. पाळी म्हणजे काय, ती बदलतेच. आमची बदलली नाही.

बेसिन लॅबच्या टोकाला, खिडकीखाली. तिथे उभं राहिलं की पाठ टेबलांकडे होते. मागे मुली ओरडायच्या, “आला, आला, गुलाबी आला!” आणि मी वळून बघेपर्यंत फ्लास्क माझ्याकडे यायचा, धुवायला. मोजणी जमली की फ्लास्कमधलं पाणी गुलाबी होतं. मला तो गुलाबी कधी दिसला नाही. मला फक्त त्याचं गटारात जाणारं पाणी दिसलं. आमच्या बॅचचं झालं की शेजारच्या बॅचचं. मग मुलांच्या बॅचची भांडीसुद्धा आमच्याच बेसिनवर. मुलं कधी धूत नसत. त्यांना कोणी आडनावही विचारत नसे. ती काच आणून ओट्यावर ठेवत आणि म्हणत, “ए, नीट हां, फोडू नको.”

परमँगनेटचे डाग बोटांवर बसले की जात नाहीत. तपकिरी पडतात, नखांच्या कडेने काळे होतात. माझे हात बारा महिने तसेच. आईचे निळे, माझे तपकिरी. रात्री जेवायला बसलो की ताटाभोवती ते चार हात दिसत. आई म्हणायची, “तुझं बरंय बाई, तुझं शिक्षणाचं हाय.” तिला काय सांगायचं?

एकदा मी सरांना विचारलं. हिंमत करून, तास संपल्यावर. “सर, पुढच्या वेळी मी ब्यूरेट धरू का?”

सरांनी चष्म्यावरून बघितलं. “कशाला? पास तर तुम्ही होताच. सरकारचे जावई तुम्ही. आणि मुलींना केमिस्ट्री कशाला लागते गं? मीठमसाला कळला की झालं.” मग कपाटातून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. “हे फ्लास्क तेलकट झालेत. याने घास.”

बाटलीत लाल पाणी होतं. क्रोमिक ॲसिड. हातमोजे हवेत हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण हातमोजे असतात हेच मला माहीत नव्हतं. मी नळाखाली फ्लास्क धरला, बाटली ओतली आणि ते माझ्या डाव्या हातावरून ओघळलं. आधी काहीच वाटलं नाही. मग असं पेटलं की मी किंचाळले. सर टेबलावरून उठले नाहीत. “पाणी सोड की त्याच्यावर, ओरडतेस काय!” असं म्हणाले. अंगठ्याच्या खालची कातडी पांढरी पडली आणि दुसऱ्या दिवशी सोलून निघाली. आजही तिथे चट्टा आहे. त्यावर केस येत नाहीत, घाम येत नाही. उन्हाळ्यात सगळा हात ओला होतो आणि तेवढा तुकडा कोरडा राहतो.

आमच्या बॅचमध्ये ब्यूरेट धरायची प्राजक्ता. तिच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नाही आणि मला राग त्याचाच येतो. ती डब्यातलं द्यायची. हात भाजला तेव्हा घरून मलम घेऊन आली, स्वतः लावलं. पण आज तू धर, मी धुते, असं दोन वर्षांत एकदाही म्हणाली नाही. तिला ते सुचलंच नाही. उलट सगळ्यांना कौतुकाने सांगायची, “ही धुते ना, इतकं नीट धुते!”

परीक्षेत मात्र प्रत्येकीला आपापली ब्यूरेट मिळते. म्हणून ब्यूरेट भरायला म्हणून पहिल्यांदा माझ्या हातात आली ती थेट परीक्षेत. मी ती धुतली. जशी रोज धूत होते तशी. आणि भरली.

तर, सरांनी माझं मनगट धरलं होतं.

“बघा सर, दोन वर्षं बेसिनवर उभी आहे. हात बघा. एवढं धुऊनही डोक्यात काही शिरत नाही यांच्या. तरी यांना सायन्सच पाहिजे.” मग माझा हात सोडून दिला, खरकटं टाकून द्यावं तसा. “जा आता. जाताना सगळ्यांच्या ब्यूरेट धुऊन ठेव. तेवढं तरी जमेल ना?”

पुन्हा हसले सगळे. प्राजक्ता हसली नाही, तिने मान खाली घातली.

मी स्टँडची पकड सैल केली. ब्यूरेट काढली. बेसिनपाशी गेले. माझ्या डोक्यात तेव्हा काहीही नव्हतं हे शपथेवर सांगते. ना समाज, ना न्याय, ना काही. फक्त त्या नळाचा थेंब थेंब आवाज. आणि मग मी ती ब्यूरेट बेसिनच्या कडेवर आपटली. जांभळं पाणी भिंतीवर उडालं. ओट्यावर फ्लास्क ओळीने उपडे घातलेले होते, मीच घातलेले. एक घेतला, भिंतीवर फेकला. दुसरा घेतला. मग पुढचे मोजले नाहीत. दोन्ही हातांनी आख्खी ओळ ओढून खाली पाडली. टेस्टट्यूबचा स्टँड लाथेने उडवला. काच फुटायचा आवाज इतका मोकळा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. इतके दिवस एक ओरखडा येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून जिला जपलं, तिचा चुरा माझ्या चपलेखाली करकरत होता आणि मला आनंद होत होता. हो, आनंदच.

सर धावत आले. पहिली थप्पड कानावर बसली. सगळा आवाज बंद झाला, नुसती शीळ. मग त्यांनी माझी वेणी हाताला गुंडाळली आणि माझं डोकं बेसिनकडे दाबलं. “भर! भर ती काच! तोंडाने भर!” कपाळ नळाच्या तोटीवर आपटलं. रक्त डोळ्यात आलं. मला सरांचा हात दिसला आणि मी चावले. दात हाडाला लागेपर्यंत चावले. ते ओरडले आणि वेणी सुटली.

परीक्षक लांबूनच म्हणाले, “जाऊ द्या हो, मुलगी आहे. बोंबाबोंब होईल उगाच.”

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या कारखान्यातून आईला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा कोपरापर्यंत निळी होती, हात धुवायलाही थांबली नव्हती. सरांनी लॅब तशीच ठेवली होती, मुद्दाम. मला कोपऱ्यात उभं केलं होतं, कपाळाला माझाच रुमाल. आईला म्हणाले, “तुमच्या मुलीला मस्ती आलीय. पडली, लागलं, ते तिच्या कर्माने. आता आधी ही काच भरा, मग पुढचं बोलू.”

आणि आई खाली बसली.

मी आयुष्यात खूप काही बघितलं, पण यासारखं काही नाही. तिने एक शब्द विचारला नाही. पदर खोचला, उकिडवी बसली आणि निळ्या बोटांनी काच गोळा करायला लागली. कोणी ‘भरा’ म्हटलं की भरायचं, हे तिच्या हातांना इतकं पाठ होतं. सर खुर्चीत बसून, चावलेल्या हातावर रुमाल दाबून बघत होते.

“आई, ऊठ.”

“गप गं. भरू दे. घरी जाऊ.”

“आई, ऊठ म्हणते ना! एक तुकडा जरी आता उचललास तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही मी. कधीच नाही.”

तिने वर बघितलं. रुमाल रक्ताने भिजून माझ्या भुवईवर आला होता. “कुनी मारलं?”

मी बोट केलं.

आई उठली. तिच्या मुठीत काच होती. ती सरांच्या टेबलापाशी गेली आणि मूठ उघडली. काच टेबलावर पडली आणि तिच्याबरोबर रक्तही. “साहेब,” आई म्हणाली, “म्या धुते, कारन मला दुसरं कुनी शिकिवलंच न्हाई. हिला शिकाया धाडली व्हती. धुवायाच धाडायची असती, तर माझ्यासंगं नेली असती. तिथं निदान पगार तरी देत्यात.”

आम्ही दोघी जिना उतरलो. मागून सर ओरडत होते, पोलिसात देतो, आयुष्य बरबाद करतो. आयुष्याचं नंतर बघू म्हटलं, आधी टाके घालायचे होते.

त्या वर्षी मी केमिस्ट्रीत नापास झाले. सरांनी गैरवर्तन असा शेरा मारला. वर्षभर मी आईबरोबर जीन्स धुतल्या. ब्लीचच्या वाफेने छाती भरून यायची, डोळे सुजायचे. रोज रात्री ठरवायची की सोडून द्यायचं हे सायन्स आणि रोज सकाळी तो चट्टा बघितला की संतापाने अंग तापायचं. आमच्या विहारातली माणसं कॉलेजात जाऊन प्राचार्यांच्या दारात बसली, तेव्हा कुठे मला दुसऱ्या ठिकाणी परीक्षा देता आली. पास झाले. उल्हासनगरला कॉलेज मिळालं, पुन्हा केमिस्ट्री. लोक म्हणाले, आर्ट्स घे, सोपं पडेल. सोपं कोणाला पाहिजे होतं?

तिथे लॅबला एक सिंधी मॅडम होत्या. पहिल्या प्रॅक्टिकलला मी सवयीने बेसिनकडे जाऊन उभी राहिले. त्यांनी हाक मारली, “वहाँ क्या कर रही है? इधर आ.” आणि माझ्या हातात ब्यूरेट दिली. मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. “डर मत. टूटेगी तो टूटेगी. काँच है, और आ जाएगी. पहले पानी, फिर जिससे भरना है उसीसे धोना. कर.”

मी केलं. थेंब थेंब सोडला आणि पहिल्यांदा तो गुलाबी बघितला. फिकट, मावळत नाही असा गुलाबी. सगळ्या मुली खूश होत होत्या आणि मला रडू कोसळलं. आनंदाने नाही, चिडून. एवढंच होतं? एवढंसं काम? हे मला दोन वर्षं दिसू दिलं नाही? मी ढ नव्हते, मला कोरडं ठेवलं होतं. त्या दिवशी माझ्या डोक्यातला धूर गेला आणि जाळ राहिला. तो अजून आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण यशाच्या गोष्टी ऐकायला लोकांना फार आवडतात आणि ऐकून झालं की ते झोपी जातात. बीएस्सी केलं, एमएस्सी केलं. आज अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात लॅबची प्रमुख आहे. माझ्या सहीशिवाय माल गेटच्या बाहेर जात नाही. हाताखाली मुलंमुली दोन्ही आहेत आणि तिथे भांडी सगळेच धुतात, मीसुद्धा.

यंदा जानेवारीत फोन आला. “ए, ओळखलंस का? प्राजक्ता! अगं, आपल्या बॅचमधली!”

आपल्या बॅचमधली. ती आता त्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मुलींसाठी विज्ञान मेळावा ठेवलाय, पाहुणी म्हणून ये, म्हणाली. सर प्राचार्य झालेत, त्यांनीच तुझं नाव सुचवलं, झालं गेलं विसरून जा. मी हो म्हटलं. विसरायला नाही गेले. बघायला गेले.

गेटवर माझा फोटो लावलेला मोठा फ्लेक्स. पांढरा कोट, हसरा चेहरा. वर लिहिलेलं, ‘मुलींनो, विज्ञानाकडे वळा!’ खाली, ‘आमच्या लॅबची लेक’. नऊवारी नेसलेल्या दोन मुलींनी मला ओवाळलं. त्यांना विचारलं, कितवीत? बारावी सायन्स, म्हणाल्या. मग आत्ता प्रॅक्टिकलचा सराव सोडून हे तबक घेऊन का उभ्या? त्या एकमेकींकडे बघून लाजल्या.

सर समोरून आले. केस काळे केलेले, हात जोडलेले. उजव्या हाताच्या मागे माझ्या दातांची खूण आहे का बघितलं. आहे. “ये ये! तुला मीच घडवली,” हसून म्हणाले. “थोडा कडक होतो मी, पण बघ, फळ मिळालं की नाही?”

मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. करणारही नाही. म्हातारा झाला म्हणून नाही, हात जोडले म्हणून तर मुळीच नाही.

कार्यक्रमाला वेळ होता. प्राजक्ता म्हणाली, चल, आपली लॅब दाखवते. लॅबला आता नव्या फरशा, नवे पंखे, दाराला काच. बेसिन तिथेच, खिडकीखाली. आणि बेसिनवर एक मुलगी. पाठ आमच्याकडे.

मी जवळ गेले. तिचे हात बघितले. तपकिरी, नखांच्या कडेने काळे.

“नाव काय तुझं?”

“मनीषा, ताई. चामटोलीवरून येते.”

“आज रीडिंग काय आलं गं तुझं?”

“माझं?” ती गोंधळली. “मी नाय घेत रीडिंग. माझ्याकडं धुवायचं आहे ना.”

“कधीपासून?”

“अकरावीपासून. मॅडमनी सांगलंय.”

मी प्राजक्ताकडे बघितलं. ती हसत होती, अगदी मनापासून. “अगं, तिला आवडतं ते. शांत मुलगी आहे. इतकं नीट धुते ना!”

तेच शब्द. माझ्या कानात पुन्हा ती शीळ सुरू झाली.

“प्रॅक्टिकल परीक्षा कधी आहे यांची?”

“पुढच्या महिन्यात. का गं?”

“मनीषा, ब्यूरेट कशाने धुतात?”

“पाण्याने,” मनीषा म्हणाली. शिक्षिकेसमोर बरोबर उत्तर दिल्याच्या खुशीत.

मी वळले. बोलले असते तर प्राजक्ताला मारलं असतं. प्राजक्ताने मनीषालाही बाहेर बोलावलं, आमच्या मागे लॅबचं दार ओढून घेतलं आणि आम्ही हॉलमध्ये गेलो.

हॉल भरलेला. पुढे मुलगे, मागे मुली. मुलींच्या मेळाव्यात! सरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग भाषण. मुली आज चंद्रावर यान पाठवतात, मुलगी शिकली की दोन घरं सुधारतात, आमच्या संस्थेने मुलींमध्ये कधी भेदभाव केला नाही. टाळ्या. माझं नाव पुकारलं. नारळ हातात तसाच घेऊन मी माईकपाशी गेले.

मी म्हटलं, “मला भाषण येत नाही. माझ्या कपाळावर ही खूण आहे, ती या कॉलेजातल्या नळाची आहे. माझं डोकं त्याच्यावर या सरांनी आपटलं होतं. मी लॅबमध्ये दोन वर्षं फक्त भांडी धुतली आणि म्हणून परीक्षेत नापास झाले. आता मला एवढंच सांगा. ज्या मुलींच्या बोटांवर परमँगनेटचे डाग आहेत, त्यांनी हात वर करा.”

मग सगळ्यात मागे एक हात वर गेला. मनीषाचा. तिला वाटलं असणार, पाहुणीने विचारलंय, सांगायला पाहिजे. तिच्याकडे बघून दुसरा हात वर गेला. मग तिसरा. मग इकडून, तिकडून. प्रत्येक बॅचमधली चौथी. मी एकेकीला आडनाव विचारलं. माईकवर, मोठ्याने. त्या सांगत गेल्या. आमची आडनावं, आदिवासी वाड्यांवरची आडनावं, चामटोलीकडच्या शेतमजुरांची. पुढच्या रांगेतल्या एकाही मुलाचा हात वर नव्हता.

सर लगबगीने आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. तेच मनगट. दात ओठ खात, पण हळू आवाजात म्हणाले, “बस झालं. सोड माईक. अजून अक्कल नाही आली तुला?”

“सर, हात सोडा. नाहीतर बोटं मोडीन.”

माईक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं. सरांनी हात सोडला.

मी स्टेजवरून उतरले. “चला,” मुलींना म्हटलं. “ज्यांचे हात वर आहेत त्या चला.” सुरुवातीला कोणी हललं नाही. मग मनीषा उठली. तिच्या मागून खुर्च्या वाजायला लागल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो. लॅबचं दार बंद, आत लॅच पडलेलं. प्राजक्ता धापा टाकत मागून आली, चावी तिच्या हातात होती. मी म्हटलं, “उघड.” तिने जिन्याकडे बघितलं. सर वर येत होते. ओरडत होते, “उघडू नका, मॅडम! मी सांगतोय, उघडू नका!”

प्राजक्ताने चावी मुठीत घट्ट धरली. तिचे डोळे भरले होते. भरू देत. तेव्हाही तिने मान खाली घातली होती, आताही घातली.

माझ्या हातात नारळ होता. सत्काराचा. मी शाल मनगटाला गुंडाळायचाही विचार केला नाही. सरळ नारळ उचलला आणि दाराच्या काचेत हाणला. एकदा. तडे गेले. परत हाणला. काच आत पडली. हात घालून लॅच फिरवलं, कोपराजवळ चिरलं, रक्त आलं. मुली किंचाळल्या. मी म्हटलं, “काही होत नाही. काच आहे, फुटते. या आत.”

सगळ्यांना टेबलांपाशी उभं केलं. मनीषाला ब्यूरेट दिली. “आधी पाणी. आता परमँगनेट थोडं घे आणि त्यानेच खंगाळ. फेकून दे. आता भर.” सर दारात उभे राहून पोलिसांना फोन लावत होते. प्राजक्ता त्यांच्या मागे. मी प्राजक्ताला म्हटलं, “भांडी साठलीत. ये, धू.” ती हलली नाही.

मनीषाने तोटी फिरवली. घाबरून जास्त फिरवली. फ्लास्क एकदम गडद जांभळा झाला. तिने माझ्याकडे बघितलं, आता मार बसणार अशा नजरेने. ती नजर मला ओळखीची आहे.

“चुकलं,” मी म्हटलं. “परत भर.”

पोलीस आले. जबाब झाला. कॉलेजने तोडफोडीची तक्रार दिली आहे आणि माझ्या कंपनीला पत्र पाठवलं आहे की अशा बाईला तुम्ही कामावर कसं ठेवता. कंपनीने बोलावून विचारलं. मी जे घडलं तेच सांगितलं. पुढे काय व्हायचं ते होईल. मीही सरांविरुद्ध तक्रार दिली आहे, जुनी आणि नवी दोन्ही, आणि ती मी मागे घेणार नाही. आई आता थकली आहे, हातांचा निळा रंग कधीच गेला, पण खोकला राहिला. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “त्या पोरीच्या हाती नळी दिली का?” दिली म्हटल्यावर कूस बदलून झोपली.

मला आता भाषणाला बोलावतात. मुलींना प्रोत्साहन द्या, म्हणतात. प्रोत्साहन पुरे झालं. मुलींना विज्ञानाची आवड नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी बेसिनवर कोण उभं आहे ते आधी बघावं. परीक्षा अजून व्हायची आहे. तोवर दर शनिवारी मी कात्रपला जाणार आणि त्या लॅबच्या दारात उभी राहणार. मनीषाच्या आणि तिच्यासारख्या सगळ्यांच्या हातात ब्यूरेट असेल आणि भांडी सगळ्या बॅचेस आपापली धुतील. हे झाल्यावरही मी जाणं थांबवणार नाही, पुढच्या वर्षीची चौथी कोण आहे ते बघायला जाणार.

दार उघडं असलं तर ठीक. बंद असलं, तर कात्रपच्या बाजारात नारळ मिळतात.